नाकाचं दुसरं ऑपरेशन : १२ महिने, २ वर्षं आणि ७२ तास

३.१ आणि ११. नाकाची प्लास्टिक सर्जरी करून घेतली, आरशात मनासारखं दिसत नाही, आता पुन्हा सर्जनला विचारायचं आहे, अशा प्रत्येकाने हे दोन आकडे आधी मनाशी पक्के करावेत. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया, फ्लोरिडा आणि न्यूयॉर्क या तीन राज्यांमधल्या १,७५,८४२ रुग्णांच्या नोंदी पडताळून केलेला एक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांचं नाकाचं ऑपरेशन पहिल्यांदाच झालं होतं, त्यांच्यापैकी ३.१ टक्के लोकांना पुन्हा टेबलावर जावं लागलं. ज्यांचं ते मुळात दुसरं होतं, त्यांच्यात हेच प्रमाण ११ टक्के निघालं. जवळजवळ साडेतीनपट.

यातून दोन गोष्टी कळतात आणि दोन्ही तितक्याच खऱ्या आहेत. दुसरं ऑपरेशन पहिल्यापेक्षा अवघड असतं, ही एक. आणि दुसऱ्या ऑपरेशननंतरही शंभरातल्या ८९ जणांना पुढच्या ऑपरेशनची वेळ आली नाही, ही दुसरी. घाबरून जाण्यासारखं यात काही नाही, पण उतावीळपणा करण्यासारखंही नाही.

मात्र ३.१ टक्के पुन्हा आले म्हणजे उरलेले ९६.९ टक्के समाधानी होते, असा अर्थ कुणी काढू नये. अशा अभ्यासात ऑपरेशनं मोजली जातात, नाराजी मोजली जात नाही. पैसे संपले, धीर संपला, घरच्यांनी ‘आता पुरे’ म्हटलं, की तो माणूस आकड्यातून गळतो. दुसऱ्या राज्यात जाऊन दुरुस्ती करून घेतली तरी गळतो. म्हणूनच या विषयातले जाणकार ५ ते १५ टक्के असा बराच रुंद पल्ला सांगतात. सौंदर्यशल्यचिकित्सकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या पाहणीनुसार २०२३ या एका वर्षात जगभरात नाकाची सुमारे ११ लाख ऑपरेशनं झाली. अगदी कमीत कमी, म्हणजे ३.१ टक्के धरले तरी ३४ हजार माणसं होतात. १० टक्के धरले तर १ लाख १० हजार. हा माझा ढोबळ गुणाकार आहे, पण प्रश्न एकट्यादुकट्याचा नाही एवढं त्यातून नक्की समजतं.

त्यातलं एक नाक माझ्या भाचीचं.

वय २६. नाकाच्या दांड्यावर उंचवटा होता, तो काढायचा म्हणून लग्नाच्या आधी दीड वर्ष ऑपरेशन करून घेतलं. पाच महिने झाले तरी शेंड्याच्या वरचा भाग फुगलेला, बाजूने पाहिलं तर पोपटाच्या चोचीसारखी गोलाई आलेली, आणि रात्री उजवी नाकपुडी बंद. पहिल्या डॉक्टरांकडे तीनदा जाऊन आली. तिन्ही वेळा ‘सूज आहे, उतरेल’ एवढं एकच वाक्य. चौथ्यांदा जायची तिची तयारी नव्हती. पुण्यातल्या दुसऱ्या एका सर्जनकडे वेळ घेतली आणि मला म्हणाली, “मावशी, तू चल. मी आत गेले की काय विचारायचं तेच विसरते.”

त्या डॉक्टरांनी नाकाकडे बघण्याआधी तारीख विचारली. पाच महिने म्हटल्यावर म्हणाले, “मग आज मी फक्त मोजणार आहे. ऑपरेशनचं काही ठरवणार नाही.” शेंड्याच्या वरची फुगलेली जागा त्यांनी अंगठा आणि तर्जनीत धरून बराच वेळ दाबली आणि सोडली. तिथे बारीक खळगा पडला आणि हळूहळू भरून आला. “हे मऊ आहे. यातलं बरंचसं पाणी आहे,” ते म्हणाले. मग नाकाशेजारी गालावर दोन बोटं टेकवून गाल हलकेच बाहेरच्या बाजूला ओढला. “आता श्वास घ्या.” तिने घेतला आणि डोळे मोठे करून माझ्याकडे वळली. “मावशी, उघडलं गं!” त्यांनी बोटं काढली, पुन्हा बंद.

एवढ्या दोन मिनिटांत एका तक्रारीच्या दोन तक्रारी झाल्या. एक दिसण्याची, जी थांबल्याने कमी होण्याची शक्यता होती. दुसरी श्वासाची, जी थांबून जाणार नव्हती. पाच महिने आम्ही दोन्हींना मिळून ‘नाक बिघडलं’ असं एकच नाव देत होतो.

पहिली मर्यादा १२ महिन्यांची

साधारण आठवड्याभरात वरचं प्लास्टर निघतं. दोनेक आठवड्यांत डोळ्यांखालचा काळानिळेपणा जातो. माणूस कामावर रुजू होतो, लोक ‘छान दिसतंय’ म्हणतात आणि आपल्याला वाटतं, झालं. पण आतली सूज महिनोन्महिने उतरत राहते, आणि सगळ्यांत शेवटी उतरते ती शेंड्याची. म्हणूनच निव्वळ दिसण्यासाठी दुसरं ऑपरेशन करायचं असेल तर किमान १२ महिने थांबावं, असा सर्वसाधारण दंडक आहे. त्वचा जाड असेल तर १८ ते २४ महिने. आपल्याकडे नाकाच्या शेंड्याची त्वचा जाड आणि तेलकट असलेले पुष्कळ लोक आहेत. त्यांनी गोऱ्या, पातळ त्वचेच्या लोकांचे परदेशी फोटो पाहून महिने मोजू नयेत.

इथे मिलिमीटरचा हिशेब समजून घेण्यासारखा आहे. नाकाची त्वचा सगळीकडे सारखी नसते. दोन भुवयांच्या मधोमध, नाक जिथे सुरू होतं तिथे ती सरासरी १.२५ मिलिमीटर जाड असते. दांड्याच्या मध्यावर, हाड संपून कूर्चा (कार्टिलेज) सुरू होते तिथे फक्त ०.६ मिलिमीटर. पुढे शेंड्याकडे ती पुन्हा जाड होते. पातळ जागी कूर्चेचा अर्ध्या मिलिमीटरचा उंचवटा राहिला तरी तो उन्हात चमकतो. जाड जागी आत कितीही नेटकं काम केलं तरी त्वचा ते झाकून टाकते. नाराजीची बरीच कारणं या दोन आकड्यांमधल्या फरकात दडलेली असतात.

पोपटाच्या चोचीसारखी गोलाई येते तीही दोन कारणांनी. एकतर त्वचेखाली सूज आणि व्रणाची मऊ गाठ साठते, किंवा पहिल्या वेळी कूर्चेचा उंचवटा पुरेसा काढलेलाच नसतो. मऊ गाठीवर थांबणं, रात्री चिकटपट्टी लावणं, क्वचित डॉक्टरांनीच दिलेलं स्टिरॉइडचं छोटं इंजेक्शन, एवढ्याने काम भागू शकतं. राहून गेलेली कूर्चा मात्र दहा वर्षं थांबलं तरी विरघळत नाही. म्हणून ‘सूज आहे’ असं उत्तर मिळालं की पुढचा प्रश्न लगेच विचारावा : “डॉक्टर, हे दाबून पाहता का? मऊ आहे की कडक? आणि कडक असेल तर ते काय आहे?” हा प्रश्न उद्धट नाही. आपल्या शरीरात काय आहे, हे विचारणं आहे.

१२ महिन्यांच्या नियमाला अपवाद आहेत आणि ते गंभीरपणे घेण्यासारखे आहेत. पहिल्या काही दिवसांत ठणका वाढत गेला, ताप आला, पू आला, दोन्ही नाकपुड्या एकदम गच्च बंद झाल्या, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. नाकाच्या पडद्यात रक्त साठलं तर तीन-चार दिवसांत तिथली कूर्चा मरू शकते आणि पुढे नाक खोगिरासारखं बसतं. आत घातलेला सिलिकॉनचा तुकडा त्वचेतून डोकावू लागला तरी तेच. अशा वेळी त्याच दिवशी, मिळेल त्या मोठ्या रुग्णालयात जावं.

अधीर होऊन मधल्या काळात इंजेक्शनने फिलर भरून घेणारेही दिसतात. दहा मिनिटांत खळगा भरतो हे खरं. पण नाकाच्या रक्तवाहिन्या डोळ्याच्या रक्तवाहिन्यांशी जोडलेल्या असतात. फिलर चुकून वाहिनीत गेलं तर त्वचा काळी पडून मरू शकते, दृष्टीही जाऊ शकते. ऑपरेशन झालेल्या नाकात वाहिन्यांच्या जागा बदललेल्या असतात, म्हणून धोका आणखी वाढतो. पार्लरमध्ये किंवा ‘ऑफर’ पाहून हे कधीही करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

माल कुठून आणणार?

पहिल्या ऑपरेशनमध्ये बहुतेक वेळा काढायचं असतं. दुसऱ्यात बहुतेक वेळा भरायचं असतं. भरायला कूर्चा लागते आणि ती आपल्याच शरीरातून घेतली तर उत्तम. पहिली पसंती नाकाच्या मधल्या पडद्याला. तिथली कूर्चा सरळ असते, जवळ असते, वेगळा काप द्यावा लागत नाही. पण पडदा सगळा काढता येत नाही. वरच्या आणि पुढच्या कडेला किमान १० मिलिमीटर रुंदीची पट्टी शिल्लक ठेवावीच लागते, कारण नाकाचं छप्पर तिच्यावर उभं असतं. पहिल्या वेळीच पडद्यातून माल घेतलेला असेल तर दुसऱ्या वेळी कोठार रिकामं. मग कानामागून घ्यायचा, पण कानाची कूर्चा वाकडी आणि लवचिक असते. जास्त लागला तर बरगडीचा, बहुधा सहाव्या किंवा सातव्या. तिथे माल भरपूर असतो, पण छातीवर काप येतो, दुखतं, क्वचित फुप्फुसाच्या आवरणाला इजा होते, आणि कोरलेली कूर्चा नंतर वाकण्याची शक्यता राहते. वयानुसार बरगडीच्या कूर्चेत चुना साठून ती ठिसूळ होते, तेव्हा चाळिशीनंतर हा प्रश्न आणखी काळजीपूर्वक विचारायचा.

मालाचा हा प्रश्न पुण्याला नवा नाही. कावसजी नावाचा बैलगाडीवान इंग्रज सैन्याबरोबर होता. टिपूच्या माणसांनी त्याला पकडून त्याचं नाक आणि एक हात कापला. वर्षभराहून जास्त काळ तो तसाच राहिला. नंतर पुण्याजवळ वीटभट्टीवाल्या कुंभार समाजातल्या एका कारागिराने त्याला नवं नाक बसवून दिलं. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने ऑक्टोबर १७९४ मध्ये त्याची हकिगत चित्रासकट छापली. ती वाचून कामाला लागलेल्या जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये लंडनमध्ये तसंच ऑपरेशन केलं, १८१६ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं आणि युरोपात ही विद्या पुन्हा रुजली. त्या हकिगतीतला मला सगळ्यांत मोलाचा वाटणारा तपशील वेगळाच आहे. त्या कारागिराने आधी मेणाचं पातळ नाक करून कावसजीच्या चेहऱ्यावर बसवून पाहिलं, मग ते सपाट करून कपाळावर ठेवलं आणि त्याच्या कडेने रेघ आखली. त्यानंतर सुरी उचलली. आधी माप, मग काप. दुसऱ्या ऑपरेशनबद्दल विचारायला जाणाऱ्याने सर्जनकडून हाच क्रम मागावा : माल किती लागेल, तो कुठून येईल, आणि तो मिळाला नाही तर काय करणार?

श्वासाला गुण देता येतात

नाकातला सर्वांत अरुंद दरवाजा दांड्याच्या मध्याखाली असतो. पडदा आणि बाजूची कूर्चा यांच्यामधला तिथला कोन १० ते १५ अंशांचा असतो, एवढाच. उंचवटा खरवडून काढताना बाजूच्या कूर्चेचा आधार सुटला तर हा कोन मिटत जातो आणि जोराने श्वास घेतला की भिंत आत ओढली जाते. भाचीचं हेच झालं होतं. नळीतून वाहणाऱ्या हवेचा एक जुना नियम आहे : त्रिज्या कमी झाली की प्रवाह तिच्या चौथ्या घाताने कमी होतो. त्रिज्येत १० टक्के घट म्हणजे प्रवाहात सुमारे ३४ टक्के घट. नाक ही काही सरळ गुळगुळीत नळी नाही, तेव्हा आकडा जसाच्या तसा लागू होत नाही. पण डोळ्यांना न दिसणारा फरक छातीला का जाणवतो, ते यावरून समजतं.

‘दम लागतो’, ‘नाक चोंदतं’ असं सांगितलं की डॉक्टर मान डोलवतात आणि विषय पुढे सरकतो. त्याऐवजी आकडा सांगावा. २००४ पासून वापरात असलेली नोज नावाची पाच प्रश्नांची प्रश्नावली आहे. गेल्या महिनाभरात नाक भरल्यासारखं वाटतं का, बंद होतं का, नाकाने श्वास घ्यायला त्रास होतो का, झोपेत अडचण येते का, व्यायाम किंवा श्रम करताना नाकातून हवा अपुरी पडते का. प्रत्येकाला ० ते ४ गुण. बेरजेला ५ ने गुणायचं, म्हणजे १०० पैकी गुण येतात. इथे जास्त गुण म्हणजे जास्त त्रास. २५ पर्यंत सौम्य, ३० ते ५० मध्यम, ५५ ते ७५ तीव्र, ८० आणि त्यावर अतितीव्र. भाचीची बेरीज १३ आली, म्हणजे ६५ गुण. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला तिने हा आकडा वहीत लिहायला सुरुवात केली. ‘मला बरं वाटत नाही’ याला कुणी काहीही उत्तर देऊ शकतं. ‘सहा महिने ६० च्या खाली आलेलं नाही’ याला तपासणीच करावी लागते.

या दरवाजावर उपायही ठरलेला आहे. अमेरिकन सर्जन जॅक शीन यांनी १९८४ मध्ये मांडल्याप्रमाणे पडद्याच्या दोन्ही बाजूंना कूर्चेच्या बारीक पट्ट्या बसवून कोन पुन्हा उघडतात. पट्टीची रुंदी काही मिलिमीटर.

सेल्फीवरून निकाल लावू नये

दिसण्याचा पुरावा म्हणजे फोटो आणि आज फोटो म्हणजे सेल्फी. २०१८ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका गणिती अभ्यासानुसार १२ इंचांवरून काढलेल्या फोटोत नाक खऱ्यापेक्षा सुमारे ३० टक्के रुंद दिसतं. ५ फुटांवरून काढलं तर हा फरक जवळजवळ नाहीसा होतो. मी कितीतरी मुलींना हातभर अंतरावरच्या फोटोवरून रडताना पाहिलं आहे. त्यांचं दुःख खरं आहे, पण फोटो खोटा आहे.

तेव्हा फोटो दुसऱ्याने काढावा, दीड मीटरवरून, कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर, दिवसाच्या उजेडात, खिडकीकडे तोंड करून. समोरून, दोन्ही बाजूंनी, दोन्ही तिरक्या कोनांतून आणि मान वर करून खालून, असे सहा. दर महिन्याला त्याच जागी, त्याच वेळी. नथ किंवा चमकी काढून. ऑपरेशनच्या आधीचे फोटो सर्जनकडे असतातच, तेही मागून घ्यावेत. आधीचं नाक कसं होतं हे आपण फार लवकर विसरतो.

शून्य म्हणजे किती?

सर्जनला त्यांचा स्वतःचा आकडा विचारायला लोक लाजतात. विचारावा. “तुम्ही केलेल्या शंभर नाकांपैकी किती जणांना पुन्हा घ्यावं लागलं? किती वर्षं तुम्ही त्यांना बघत राहिलात? त्यातली दुसऱ्या वेळची किती?” चांगला सर्जन याचं उत्तर शांतपणे देतो, आणि बहुतेक वेळा ते शून्य नसतं. ‘माझ्याकडे एकही केस बिघडलेली नाही’ असं कुणी म्हणालं तर संख्याशास्त्रातला एक सोपा ठोकताळा वापरावा. ३० ऑपरेशनांत एकही बिघडलं नाही, तर खरं प्रमाण ३ भागिले ३०, म्हणजे १० टक्क्यांपर्यंत असू शकतं. ३०० मध्ये एकही नाही, तर १ टक्क्यापर्यंत. म्हणजे शून्याला किंमत येते ती त्याच्या खालच्या संख्येमुळे.

पहिल्याच सर्जनकडे परत जावं का? माझं मत, एकदा तरी नक्की जावं. आत काय काय केलं आहे ते त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. जाताना ‘तुम्ही माझं नाक बिघडवलंत’ असं वाक्य पहिलं काढू नये, कारण त्यानंतर समोरचा माणूस फक्त बचाव करतो. “ठरलं होतं त्यातलं काय साध्य झालं आणि काय नाही, असं तुम्हाला वाटतं?” असं विचारावं. उत्तर ऐकून घ्यावं, लिहून घ्यावं. दुरुस्ती ते करणार असतील तर खर्चाचं लेखी घ्यावं. सर्जनने आपली फी माफ केली तरी ऑपरेशन थिएटर, भूल आणि औषधांचा खर्च राहतोच. आरोग्यविम्यात सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया ही प्रमाणित अपवादांत ८ व्या क्रमांकावर आहे, म्हणजे पैसे मिळत नाहीत. श्वासाचा अडथळा असेल तर तो भाग वैद्यकीय गरजेचा असल्याचं डॉक्टरांकडून वेगळं लिहून घ्यावं आणि विमा कंपनीकडून आधी लेखी उत्तर मागवावं.

मग दुसऱ्याचं मत घ्यावं. तो रुग्णाचा हक्क आहे, राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या रुग्णहक्कांच्या सनदेत तो नोंदलेला आहे. दोघांचं मत वेगळं आलं तर तिसरं घ्यावं. आणि कुणी तपासून ‘नको, आता हात लावू नका’ असं म्हणालं तर त्या डॉक्टरचे आभार मानावेत. ऑपरेशन नाकारून त्याला काहीच मिळालेलं नसतं.

इथे एक नाजूक आकडा सांगायलाच हवा. २०११ मध्ये बेल्जियममधल्या एका अभ्यासात नाकाच्या ऑपरेशनसाठी आलेल्या २२६ जणांना तपासलं. त्यांतल्या ३३ टक्के लोकांमध्ये बॉडी डिस्मॉर्फिक डिसऑर्डरची मध्यम ते तीव्र लक्षणं दिसली. सर्वसाधारण लोकांत या विकाराचं प्रमाण २ टक्क्यांच्या आसपास असतं. दुसऱ्याला जेमतेम दिसणाऱ्या दोषाने मन दिवसाचे तासन् तास व्यापणं, आरसे टाळणं किंवा सतत आरशात पाहणं, लग्नकार्यांना जाणं सोडणं, अशी ही लक्षणं. या आजारात ऑपरेशनने समाधान सहसा मिळत नाही, मानसोपचाराने मिळू शकतं. म्हणून सर्जनने मानसोपचारतज्ज्ञाकडे जायला सुचवलं तर तो अपमान समजू नये. आणि घरच्यांनी ‘तुझ्या डोक्यातच आहे सगळं’ हे वाक्य कृपा करून वापरू नये. भाचीच्या बाबतीत आम्हीही ते वापरलं होतं, आणि तिच्या डोक्यात काही नव्हतं, नाकात होतं.

दोन घड्याळं एकाच वेळी चालतात

नाक बसायला १२ ते २४ महिने लागतात. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रार दाखल करायची मुदत २ वर्षं आहे. मुदत नक्की कधीपासून धरायची यावर वाद होतात, उशीर माफही होऊ शकतो, पण त्यावर विसंबू नये. ऑपरेशनच्या तारखेपासून मोजणं सुरक्षित. म्हणजे ‘थांबा, थांबा’ ऐकत जाड त्वचेचा रुग्ण २४ महिने थांबला, तर नाक बसेपर्यंत कायद्याचं दार बंद होऊ शकतं. वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये स्पष्ट केलं आहे. मात्र निकाल मनासारखा नाही, एवढ्याने हलगर्जीपणा सिद्ध होत नाही. २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालानुसार सामान्य कुशल डॉक्टरने जी काळजी घेतली असती ती घेतली का, हे पाहिलं जातं. त्यासाठी कागद लागतात.

आणि कागदांचंही घड्याळ आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार डॉक्टरने आंतररुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षं जपायच्या असतात. रुग्णाने मागितल्या तर ७२ तासांत द्यायच्या असतात. मागायचं काय, तर डिस्चार्ज कार्ड नव्हे. त्यावर बहुधा ऑपरेशनचं नाव आणि गोळ्यांची यादी एवढंच असतं. मागायची ती ऑपरेशन नोट, सोबत संमतिपत्र आणि आधीचे फोटो. अर्ज साध्या कागदावर चालतो. दोन प्रती काढाव्यात, एकीवर तारखेसह पोच घ्यावी. कोर्टात जायचं नसलं तरी हा अर्ज करावा, कारण ती नोट आधी पुढच्या सर्जनला लागते, वकिलाला नंतर.

भाचीने अर्ज दिला आणि दुसऱ्या दिवशी तिला नोट मिळाली. एक पान, घाईघाईतलं अक्षर. पुढच्या भेटीत डॉक्टरांनी ते वाचताना एका ओळीवर पेन टेकवलं. उंचवटा काढला होता, पण पडद्यातून कूर्चा घेतलेली नव्हती. तोवर अकरा महिने झाले होते. चोचीसारखी गोलाई पुष्कळ ओसरली होती आणि तिला तिचं काही वाटेनासं झालं होतं. वहीतले गुण मात्र ६५, ६०, ६५, ६५ असेच होते. दुसरं ऑपरेशन झालं ते फक्त दरवाजाचं, पडद्यातल्याच कूर्चेच्या दोन पट्ट्या बसवून. कान शाबूत राहिला, बरगडीवर काप आला नाही. चार महिन्यांनी गुण १५ झाले.

ज्यांच्या हातात आज फक्त डिस्चार्ज कार्ड आहे, त्यांनी पुढच्या सर्जनची वेळ घेण्याआधी ऑपरेशन नोटसाठी अर्ज द्यावा. आजच द्यावा, आणि पोच घ्यायला विसरू नये.